पी.टी.च्या तासाने मुलं खरंच तंदुरुस्त होतात का?

पायवाट
मुलगा सातवीत आहे. मागच्या आठवड्यात शाळेतून 'खेलो इंडिया'च्या चाचण्यांचा कागद आला. बीएमआय, ५० मीटर, ६०० मीटर, पुश-अप, बसून पुढे वाकणं. ६०० मीटरला चार मिनिटं. गेल्या वर्षीही चारच. मधल्या काळात आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास होते, आणि सहामाहीच्या आधीचे सगळे गणिताला गेले. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही, तसंच हे.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. आठवड्याचे ७० मिनिटं कुठे पुरणार? वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये ८९ अभ्यास एकत्र तपासले. शालेय उपक्रमांमुळे दम लागेल अशी हालचाल दिवसाला सरासरी मिनिटभरही वाढलेली दिसली नाही. माझं स्पष्ट मत आहे: शाळेच्या भरवशावर राहू नका, संध्याकाळी मुलांना मैदानावर पाठवा.

फक्की
बावीस वर्षं क्रीडाशिक्षक आहे, म्हणून हे वाचून वाईट वाटलं. त्याच अहवालात मुलांचा दमसास थोडा सुधारल्याचंही म्हटलंय, ते तुम्ही सोडलंत. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ पासून मुलांना रोज १५ मिनिटं पळवायला सुरुवात केली. गणवेशातच, कपडे न बदलता. २०१८ च्या अभ्यासात तिथली मुलं दुसऱ्या शाळेच्या तुलनेत सरस ठरली, रोजची हालचालही नऊ मिनिटांनी वाढली.

तासात काय चालतं यावर सगळं आहे. माझ्याकडे आठवीचे ४८ आणि फुटबॉल एक. म्हणजे चाळीस जण उभेच! मी फक्कीने मैदानाचे चार भाग आखले. एकात लंगडी, एकात दोरीच्या उड्या, एकात खो-खोचा पाठलाग, एकात सूर्यनमस्कार, आणि दर सात मिनिटांनी शिट्टी. जूनमध्ये दहा उड्यांत धापा टाकणारी एक मुलगी दिवाळीनंतर सलग साठ मारत होती. तिच्या घरी संध्याकाळी धुणीभांडी असतात. तिला कोणत्या मैदानावर पाठवायचं, सांगा.

रानवारा
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तो अभ्यास दोनच शाळांचा होता. आणि तुमच्यासारखे सर किती शाळांना मिळतात? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक. आमच्या वस्तीच्या शाळेचा पट ३४. दोन गुरुजी शिकवतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात, माहिती भरतात. फिट इंडियाचा दिवस आला की फोटो काढून पाठवतात. त्यांचा दोष नाही. आमची पोरं रोज तीन किलोमीटर चालत येतात, त्यांचा दम त्यातून कमावलेला आहे.

मोगरा
मुलींचं कुणीच बोलत नाहीये. सातवीनंतर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली पी.टी.ला 'पोट दुखतंय' सांगून वर्गातच बसायच्या. कारण पी.टी.चा गणवेश पांढरा. पाळी असताना पांढऱ्या पँटमध्ये कोण उडी मारेल? त्यात शौचालयाच्या दाराला कडी नव्हती, एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी. यंदा आम्ही शिक्षिकांनी मुख्याध्यापकांकडे हट्ट धरून पँट गडद निळी करून घेतली, कडीही बसवली. आता मैदानावर बऱ्याच जणी दिसतात. खरा उपक्रम हाच.

पायवाट
मोगरा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सर, तुमच्या त्या विद्यार्थिनीबद्दलही मान्य, माझा सल्ला ज्यांना संध्याकाळ मोकळी आहे त्यांच्यापुरताच आहे. पण गणिताला दिलेले तास? शनिवारी पालकसभेत मी वर्षभरात प्रत्यक्ष किती तास झाले तेच विचारणार आहे.

फक्की
जरूर विचारा. आम्ही शिक्षक विचारतो तेव्हा 'आधी पोर्शन पूर्ण होऊ द्या' एवढंच ऐकायला मिळतं. पालकांनी विचारलं तर निदान वेळापत्रक बाहेर काढावं लागतं.