मदत हवी आहे: अलिबाग ते गुहागर, बारा सायकली, वेग वेगवेगळे

डिसेंबरात चार दिवसांची राइड आहे. मुरूड, आगरदांडा–दिघी फेरीबोट, श्रीवर्धन, बागमांडला–वेश्वी फेरीबोट, केळशी, दापोली, दाभोळ–धोपावे फेरीबोट, गुहागर. मुख्य हेतू गप्पा आणि ओळखी, वेग नव्हे. गट तुटला तर सगळंच फसलं.

तिघे रोडबाईकवर (वेगासाठीची सायकल, २५ मिमी रुंद टायर), बाकीचे हायब्रिडवर (रोजच्या वापराची, ३८ मिमी). सपाटीला पुढचे ताशी २५, मागचे १५ किमी. तासाभरात दहा किमीची फट. शिवाय मागचे पोचले की पुढचे निघतात, म्हणजे विश्रांती नेमकी दमलेल्यांनाच मिळत नाही. म्हणून ठरवलंय: दर १२ किमीला थांबा आणि शेवटचा आल्यावर पूर्ण दहा मिनिटं. सर्वात मागे पंप, पंक्चरचे पॅच, चेन टूल (साखळी तोडायचं-जोडायचं हत्यार) घेऊन एक जाणकार. चढावर ज्याने त्याने आपल्या गतीने जावं, भेट माथ्यावर. वळणांवर एकेरी रांग, यात तडजोड नाही.

अडतंय ते असं. सोबत चालवणाऱ्या वेगवान–हळू अशा जोड्या केल्या आणि प्रत्येक थांब्यावर बदलल्या तर वेगवान मंडळी खरंच हळू चालवतात का, की त्यांना पुढे जाऊन नाश्ता सांगायचं काम देणं बरं? २५ ची ट्यूब ३८ च्या टायरात ताणून पातळ होते. मग दोन्ही मापांच्या किती घ्याव्यात? ट्यूबचे व्हॉल्व्हही (हवा भरायची तोंडं) दोन प्रकारचे आहेत. फेरीबोटीत बारा सायकली कशा बांधता? आणि केळशी–आंजर्ले रस्ता सध्या २५ मिमीला झेपेल का? अलीकडे गेलेल्यांनीच सांगा, नकाशा आम्हीही पाहिलाय.