लिव्हरपूलमध्ये क्लॉपच्या जागी कसा माणूस हवा?

मृण्मयी, पुणे (२५ एप्रिल २०२४)

काल रात्री साडेबाराला सुरू झालेला सामना अडीचच्या सुमारास संपला आणि टीव्ही बंद करून मी तशीच बसून राहिले. एव्हर्टनने त्यांच्या गुडिसन मैदानावर आपल्या लिव्हरपूलला २-० हरवलं. त्या मैदानावर लीगमध्ये आपण २०१० नंतर त्यांच्याकडून हरलो नव्हतो. लीग गेली हे कळलंच, पण घशात हुंदका आला तो आपला मॅनेजर क्लॉपचे आता चारच सामने उरले म्हणून.

त्याने जायचं जाहीर केलं तो २६ जानेवारीचा दिवस, सुट्टी होती. दुपारी भावाचा फोन आला, "ताई, क्लॉप चाललाय." मी त्याला ओरडले, असली थट्टा करू नकोस म्हणून. मग व्हिडिओ पाहिला. दमलोय, अंगातली ताकद संपत आलीय, असं तो शांतपणे सांगत होता.

क्लॉप माझ्यासाठी फक्त मॅनेजर नाही. मे २०१९ मध्ये बार्सिलोनाचा सामना मी आवाज बारीक करून बघत होते. माझं ओरडणं ऐकून बाबा उठून आले. त्यांना ऑफसाइडसुद्धा कळायचा नाही. ट्रेंटने घाईघाईत मारलेला कॉर्नर आणि ओरिगीचा चौथा गोल त्यांनी माझ्या शेजारी बसून पाहिला, आणि मग चहा टाकायला स्वतः उठले. बाबा आता नाहीत. क्लॉप गेला की त्या रात्रीतलं अजून एक माणूस जाईल, असं वाटत राहतं.

तर प्रश्न असा. नवा मॅनेजर म्हणून आधी सगळे अलोन्सो म्हणत होते, त्याने मार्चअखेरीस त्याच्या क्लबात, लेव्हरकूझेनमध्येच राहतो म्हणून सांगितलं. मग अमोरिमचं नाव आलं. आता फेयेनोर्डच्या आर्ने स्लॉटशी बोलणी चालल्याच्या बातम्या आहेत. इतकं प्रेम मिळालेल्या माणसाच्या जागी त्याच्यासारखाच कुणी आणावा, की मुद्दाम वेगळा? आणि २०१३ ला फर्ग्युसन गेल्यावर मँचेस्टर युनायटेडचं जे झालं ते आपलं होऊ नये म्हणून काय लागतं?

संदीप, ठाणे

मृण्मयीताई, युनायटेडचं उदाहरण सगळे देतात, पण सगळा दोष फर्ग्युसनच्या जागी आलेल्या मॉयसच्या माथी मारतात ते मला पटत नाही. फर्ग्युसनबरोबर त्याच उन्हाळ्यात डेव्हिड गिलही गेला, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूसच गेला. मॉयसने आल्यावर जुने सहायक बदलले. फर्डिनंड, विडिच, एव्रा, गिग्ज सगळे उतरणीला लागलेले. गाडीचा चालक, मेकॅनिक आणि टायर एकाच दिवशी बदलले तर गाडी चालेल कशी? सहा वर्षांचा करार दिलेला माणूस दहा महिन्यांत घरी गेला.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी खेळाडूंची खरेदी पाहणाऱ्या मायकेल एडवर्ड्सला परत आणलं, बोर्नमथहून रिचर्ड ह्यूजला घेतलं, आणि मॅनेजर ते शोधताहेत. शिवाय क्लॉपने गेल्या उन्हाळ्यात मिडफिल्ड पार नवं करून ठेवलंय. हेंडरसन, फाबिन्यो, मिल्नर गेले आणि मॅक अ‍ॅलिस्टर, सोबोस्लाय, एन्डो, ग्रावेनबर्ख आले. हा हंगाम ट्रॉफीच्या दृष्टीने लीग कपवरच थांबला तरी जाताना त्याने घर लावून ठेवलंय.

स्लॉटबद्दल म्हणाल तर २०२२-२३ ला फेयेनोर्डला लीग जिंकून दिली, परवाच्या रविवारी कपही जिंकला. प्रेसिंग, म्हणजे चेंडू हिसकायला अंगावर जाणं, वरपासूनच करतो, पण चेंडू ताब्यात आल्यावर क्लॉपच्या टीमपेक्षा सबुरीने खेळवतो. मला तो हवाय.

आप्पा, कोल्हापूर

पोरी, तू विचारलंस कसा माणूस हवा. मला वाटतं निम्मं उत्तर जाणाऱ्या माणसाकडं असतं.

आपल्याच क्लबात बघ. जुलै १९७४ ला आपले मॅनेजर शँकली अचानक निवृत्त झाले. नुकताच एफए कप जिंकला होता, कुणाला खरं वाटेना. त्यांच्या जागी बॉब पेसली. १९३९ पासून क्लबात असलेला माणूस, खेळाडू होता, मग फिजिओ, मग सहायक. बोलायला लाजाळू, त्याला ही खुर्ची नकोच होती. शँकलींसारखी भाषणं त्याला आयुष्यात जमली नाहीत. पण शँकलींना घरी करमेना. ते रोज मेलवूडला सरावाला यायचे आणि खेळाडू त्यांनाच बॉस म्हणायचे. शेवटी त्यांना येऊ नका म्हणून सांगावं लागलं, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं. ज्या माणसानं क्लब उभा केला त्याला असं सांगायची वेळ यावी, हे मला आजही वाईट वाटतं. पेसलीला पहिल्या वर्षी एकही मोठा कप मिळाला नाही. नंतरच्या आठ हंगामांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप.

हे मी नुसतं वाचून बोलत नाही. तरुणपणी मी आमच्या तालमीच्या टीममध्ये डाव्या बाजूला खेळायचो. आमचे जुने सर गुडघ्यामुळं थांबले आणि त्यांच्याच हाताखाली खेळलेला एक जण कोच झाला. सर तरी रोज सायकल हातात धरून मैदानावर यायचे, रेषेजवळ उभे राहायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. पण पास चुकला की आमची मान आपोआप सरांकडं वळायची. नवे कोच ओरडून सांगायचे ते कानावरून जायचं. शाहू स्टेडियमवर सलग तीन सामन्यांत एकदाही जिंकलो नाही.

मग एके दिवशी सर रेषेवर दिसले नाहीत. सामन्याला बघितलं तर पार पलीकडं, गर्दीत, शेंगांची पुडी घेऊन बसलेले. मी नंतर घरी जाऊन विचारलं, तर म्हणाले, "मी दिसलो की पोरं माझ्याकडं बघत्यात. त्यानं कोचिंग करायचं कसं?"

क्लॉप लांब जाऊन बसला तर स्लॉटचं निम्मं काम झालं. वेगळा आहे का सारखा आहे, ते मागनं बघू.

मडगावकर

आमच्याकडचं एक सांगतो. गोव्याच्या धेंपो क्लबला कोच आर्मांडो कुलासोंनी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. २०१३ ला ते गेले आणि २०१५ ला धेंपो आय-लीगमधून खाली घसरला. मधल्या काळात आयएसएल ही नवी लीग आली होती, त्यामुळे एका माणसाच्या जाण्यावर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण त्यांच्या वेळी क्लबात कुणाला कुठे खेळवायचं हे त्या एका डोक्यात होतं. लिव्हरपूलमध्ये ते पाचसहा जणांच्या डोक्यात आहे असं संदीप म्हणतात. तसं असेल तर काळजी करू नका.

मृण्मयी, पुणे (२८ एप्रिल २०२५)

वर्षाने धागा वर काढतेय. काल रात्री अ‍ॅनफिल्डवर टॉटनहॅमला ५-१ हरवलं, चार सामने शिल्लक असताना. विसावी लीग!

संदीप, तुमचं मिडफिल्डचं म्हणणं खरं ठरलं. खेळायला नवा असा एकटा किएझा आला. मिडफिल्डला हवा असलेला सुबिमेंडी यायला नाही म्हणाला, तर स्लॉटने ग्रावेनबर्खलाच बचावफळीच्या पुढे उभं केलं. क्लॉपच्याच टीमने लीग जिंकली, पण खेळ स्लॉटचा होता. सामना हातात आला की धावत सुटायचं नाही, चेंडू ठेवायचा. पहिले दोन महिने मला ते परकं वाटायचं.

आप्पा, तुम्ही सरांचं लिहिलंत ते मला गेल्या मे महिन्यात आठवलं होतं. शेवटच्या सामन्यानंतर क्लॉपने माइक घेतला आणि स्वतःच्या नावाचं गाणं न म्हणता सगळ्या मैदानाला स्लॉटच्या नावाचं गाणं म्हणायला लावलं. काल स्लॉटने माइक घेतला आणि क्लॉपच्या नावाचं म्हटलं. आई झोपेतून उठून आली, कुणी रडतंय का बघायला.

तुमच्या त्या नव्या कोचचं पुढे काय झालं?

आप्पा, कोल्हापूर

अभिनंदन, पोरी. पुढच्या हंगामात आम्ही फायनलला गेलो आणि टायब्रेकरवर हरलो. उपविजेतेपदाचा कप घेऊन सगळे मैदानातून थेट सरांच्या घरी गेलो. कप कोचच्याच हातात होता.