मदत हवी आहे: घरच्या ५.१ वर लाइव्ह कॉन्सर्ट ऐकताना मैफलीत बसल्यासारखं का वाटत नाही?

नमस्कार मंडळी,

घरी ५.१ ची (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सिस्टीम आहे. मध्यम दर्जाचा रिसीव्हर (आवाज स्पीकरना वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर), पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर, टीव्हीच्या युनिटमध्ये सेंटर, मागच्या भिंतीवर दोन छोटे सराउंड आणि कोपऱ्यात सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर). टीव्हीतल्या अ‍ॅपवर सिनेमा लावला की झकास वाजते, त्याबद्दल तक्रार नाही. अडतंय ते लाइव्ह कॉन्सर्टच्या डिस्क लावल्यावर, आणि सिस्टीम घेताना माझ्या मनात सिनेमापेक्षा त्याच जास्त होत्या.

वडील वर्षानुवर्षं सवाई गंधर्वला जायचे. रमणबागेत भारतीय बैठकीत रात्र रात्र बसलेला माणूस. आता गुडघे साथ देत नाहीत, गर्दीत जायला नको वाटतं. मैफलीत बसल्याचं सुख त्यांना घरच्या सोफ्यावर मिळावं, एवढीच माझी धडपड आहे.

दोन डिस्क आम्ही पुन्हा पुन्हा लावतो. पहिली 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'ची, १ ऑगस्ट १९७१, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. २००५ साली निघालेल्या डीव्हीडीत ५.१ आहे. सुरुवातीला सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवून होतात न होतात तोच लोक टाळ्यांचा कडकडाट करतात, आणि रविशंकर म्हणतात की जुळवणं इतकं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. वडिलांचा हा फार लाडका प्रसंग. दुसरी डिस्क 'कॉन्सर्ट फॉर जॉर्ज'ची. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या पहिल्या स्मृतिदिनी, २९ नोव्हेंबर २००२ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेला कार्यक्रम. त्यात रविशंकरांची रचना अनुष्का शंकर स्वतः समोर उभी राहून वाद्यवृंदाकडून वाजवून घेते.

आता अडचण सांगतो. सतार समोर वाजायला हवी, ती मागूनही तेवढीच येते. गाणाराचा आवाज चारी बाजूंनी येतो, त्यामुळे तो नेमका कुठे उभा आहे ते कळतच नाही. त्या जुळवणीनंतरच्या टाळ्या डोक्याभोवती नुसता कल्लोळ करतात, हजारो माणसांमध्ये बसल्यासारखं काही वाटत नाही. शिवाय बेस गिटारचे एकदोन सूर प्रचंड घुमतात, बाकीचे ऐकूही येत नाहीत. सोफ्याच्या टोकाला, वडिलांच्या जागेवर, हा त्रास सगळ्यात जास्त. मधे बसलं तर थोडा कमी.

खोली १४ बाय १० फूट. टीव्ही १० फुटांच्या भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकवून. खाली टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं काचेचं सरकतं दार. डिस्क प्लेयर एचडीएमआयने टीव्हीला जोडलाय आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबल रिसीव्हरला. बसवायला आलेल्या माणसाने अशी जोडणी करून दिली आणि 'आता सगळे स्पीकर वाजतायत' असं म्हणून तो गेला.

नवीन स्पीकर घ्यायला सांगू नका, ही विनंती. आहे त्यातून काय करता येईल?

प्रतिसाद १

स्पीकरना हात लावू नका. डिस्क चालू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय अक्षरं येतात ते आधी सांगा.

धागाकर्ता

'पीसीएम' येतं आणि त्याखाली 'ऑल चॅनेल स्टीरिओ'. टीव्हीतल्या अ‍ॅपवरून सिनेमा लावला की मात्र 'डॉल्बी डिजिटल' येतं.

प्रतिसाद १

मग तुमचा बराचसा प्रश्न सुटला म्हणून समजा. अजून तुम्ही त्या डिस्कचं ५.१ ऐकलेलंच नाही.

बरेच टीव्ही स्वतःच्या अ‍ॅपचा ५.१ ऑप्टिकलमधून पुढे पाठवतात, पण एचडीएमआयने बाहेरून आलेल्या आवाजाचे दोनच चॅनेल (डावा आणि उजवा) करून टाकतात. रिसीव्हरला मिळाले दोन चॅनेल (तुमच्याकडे दिसतं ते 'पीसीएम' म्हणजे हेच), आणि 'ऑल चॅनेल स्टीरिओ' तेच दोन चॅनेल सगळ्या स्पीकरमधून वाजवतो. घरात पाहुणे इकडे तिकडे फिरत असताना तो मोड ठीक. मैफलीसाठी त्याच्यासारखा वाईट मोड नाही. सतार मागून येते ती त्यामुळेच.

प्लेयर थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडा आणि रिसीव्हरमधून टीव्हीला न्या. प्लेयरच्या मेन्यूत ऑडिओ आउटपुट 'बिटस्ट्रीम' (डिस्कवरचा आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरकडे) करा आणि डिस्कच्या मेन्यूतही ५.१ निवडा, कारण पुष्कळ कॉन्सर्ट डिस्क आपणहून स्टीरिओवर सुरू होतात. पुढेमागे ब्लू-रे घ्याल तेव्हाही हीच जोडणी लागेल. ब्लू-रेवरचा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ किंवा डॉल्बी ट्रूएचडी हा जास्त तपशिलाचा आवाज ऑप्टिकलमधून जातच नाही, तेवढी जागाच नसते त्यात. डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' (डिस्कवरच्या ५.१ आवाजाचे दोन प्रकार) दिसलं की इथे लिहा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. थोडी भर घालतो, कारण जोडणी बदलल्यावर तुम्हाला उलटाच धक्का बसेल. गाणं चालू असताना मागचे स्पीकर बंद पडले की काय, असं वाटेल. तसं वाटलं तर घाबरू नका.

कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग होतं तेव्हा स्टेजवर प्रत्येक वाद्याला, प्रत्येक गळ्याला माइक असतो. शिवाय काही माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले असतात. नंतर मिक्स करणारा माणूस स्टेज पुढच्या तीन चॅनेलमध्ये मांडतो आणि मागे बहुतेक वेळा देतो फक्त सभागृहाचा घुमारा आणि लोकांचा आवाज. म्हणून वादन चालू असताना मागचा स्पीकर वेगळा ऐकू येता कामा नये. नीट जमलंय की नाही हे बघायचं असेल तर चालू गाण्यात मागचे दोन्ही बंद करा. समोरची सतार जागच्या जागी राहून सभागृह एकदम लहान झालं पाहिजे.

अपवाद आहेत, आणि ते मला मनापासून आवडतात. पिंक फ्लॉइड या रॉक बँडने १९६७ च्या मे महिन्यात लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये आवाज खरोखरच श्रोत्यांभोवती फिरवला होता. त्यांच्या कॉन्सर्टमध्ये मागून काही वाजलं तर ते तसंच हवं.

आता पातळी. रिसीव्हरच्या सेटअपमध्ये 'टेस्ट टोन' असतो. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, तुमच्या जागेवर कानाच्या उंचीला धरा आणि सगळ्या स्पीकरची खरखर सारख्या डेसिबलवर आणा. बसवणारे लोक सराउंड हमखास चढवून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला 'मागून आवाज येतोय' हे लगेच पटतं. सगळे सारखे झाले की टाळ्या मागे जाऊन बसतात आणि सतार समोर येते.

सेंटर युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असेल तर पुढच्या कडेपर्यंत ओढा, आणि खाली रबराचा तुकडा सरकवून तोंड किंचित वर करा. कप्प्यात गेलेला गळा डब्यातून बोलल्यासारखा येतो.

सोफा भिंतीपासून निदान दीड फूट पुढे घ्या. सराउंडची योग्य जागा समोरच्या सरळ रेषेपासून ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरासं मागे. तुमचे थेट पाठीमागे आहेत. ते बाजूच्या भिंतींवर आणा, कानाच्या एकदोन फूट वर. काचेच्या दाराला जाड पडदा आणि टाइल्सवर सतरंजी टाकली तर टाळ्यांची कचकचही कमी होईल.

प्रतिसाद ३

मी फक्त घुमणाऱ्या सुरांबद्दल लिहितो.

तुमच्या खोलीची मापं पाहिल्यावर लगेच आकडे मांडले. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून राहतात आणि फुगतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागलं की पहिला सूर मिळतो. १४ फुटांना येतात ४० हर्ट्झ, १० फुटांना ५६. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ, तिच्या शेजारची ५५. म्हणजे तुमच्या खोलीचे दोन सूर आणि बेस गिटारच्या दोन मोकळ्या तारा जवळजवळ एकच. वाजवणारा तिथे आला रे आला की खोली त्याच्याबरोबर गाऊ लागते.

वडिलांच्या जागेचंही कोडं यात सुटतं. रुंदीचा ५६ हर्ट्झचा सूर भिंतीजवळ सगळ्यात जोरात असतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. लांबीचा ४० चा मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर सगळीकडे जोरात. मधे बसणाऱ्याला एकच त्रास, टोकाला बसणाऱ्याला दोन्ही. आणि कोपऱ्यातला सबवूफर हे सगळेच सूर जास्तीत जास्त उठवतो.

म्हणून सबवूफर कोपऱ्यातून काढा. टीव्हीच्या भिंतीच्या मधोमध, युनिटला लागून ठेवलात तर ५६ चा सूर फारसा उठणारच नाही. लांब भिंतीच्या मधोमध, सात फुटांवर ठेवलात तर ४० चा दबेल. कोणता पर्याय बरा हे कानानेच ठरवावं लागेल. त्यासाठी जुनी युक्ती अशी: सबवूफर उचलून थेट वडिलांच्या जागेवर सोफ्यावर ठेवा, बेसचं एखादं गाणं लावा आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा. क्रॉसओव्हर (ज्याच्याखालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा. बायाँची (डग्ग्याची) घुमक कशी येते तेही ऐका. ती गोल यायला हवी, पण मागे रेंगाळायला नको.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी जोडणी बदलली, डिस्प्लेवर 'डीटीएस' आलं. पातळी मोजली तर दोन्ही सराउंड पुढच्यांपेक्षा ६ डेसिबलने चढवलेले निघाले, ते उतरवले. सबवूफर टीव्हीच्या भिंतीच्या मध्याजवळ सगळ्यात बरा वाटला.

फरक शब्दांत सांगणं कठीण आहे. सतार डावीकडे, सरोद उजवीकडे, मधून अल्लारखाँ, आणि त्या टाळ्या आता पाठीमागून उठून दूरवर पसरत जातात. वडिलांनी न बोलता मान वळवून मागे पाहिलं.

पण एक नवीनच गोष्ट लक्षात आली. तबल्यावर हात पडायच्या आधीच बोल ऐकू येतो. द्रुत लयीत बघवत नाही. जोडणी बदलण्याआधी हे नव्हतं.

प्रतिसाद २

आता आवाज थेट रिसीव्हरमध्ये जातो आणि लगेच वाजतो, चित्र मात्र टीव्हीत प्रक्रिया होऊन उशिरा येतं. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर हात आणि बोल यांच्यात अर्ध्या मात्रेच्या जवळपास अंतर पडतं. गाण्यात मुरलेल्या माणसाला ते टोचणारच.

रिसीव्हरमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' शोधा आणि मिलिसेकंद हळूहळू वाढवत न्या. त्याआधी टीव्हीचा पिक्चर मोड 'गेम' करून बघा, बऱ्याच टीव्हींचा उशीर त्यानेच कमी होतो. अगदी तंतोतंत जुळलं नाही तर आवाज किंचित मागे राहू द्या. सभागृहात स्टेजपासून ५० फुटांवर बसलो तर आवाज तसाही ४५ मिलिसेकंद उशिराच पोचतो, कानाला त्याची सवय असते. चित्राच्या आधी येणारा आवाज मात्र निसर्गात कुठेच नाही.

धागाकर्ता

'गेम' मोड आणि ७० मिलिसेकंद, यावर जुळलं. आता शेवटचा प्रश्न. वडिलांचा खरा खजिना दोन चॅनेलच्या मैफली आणि रेडिओवरची जुनी रेकॉर्डिंग. ती कशी लावावीत?

प्रतिसाद ४

रेडिओवरची जुनी रेकॉर्डिंग बहुतेक मोनो असतात, ती सरळ पुढच्या दोन स्पीकरवर ऐका. 'प्रो लॉजिक २' (दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरमध्ये वाटणारा रिसीव्हरचा मोड) लावलंत तरी दोन्ही चॅनेल एकसारखे असल्यामुळे सगळं सेंटरमध्येच जाऊन बसेल.

स्टीरिओमधल्या जिवंत मैफलींचं वेगळं. त्यांना 'प्रो लॉजिक २ म्युझिक' किंवा नवीन रिसीव्हरमधला 'डॉल्बी सराउंड' लावून बघा, 'मूव्ही' मोड नको. हे मोड डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये जे सारखं आहे ते समोर ठेवतात आणि जे वेगळं आहे त्यातलं बरंचसं मागे पाठवतात. गायकाचा गळा दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो समोर राहतो. सभागृहाचा घुमारा आणि श्रोत्यांमधून आलेली 'क्या बात है' दोन्ही चॅनेलमध्ये वेगवेगळी पडलेली असते, ती मागे जाते. स्टुडिओत केलेल्या रेकॉर्डिंगला यातलं काहीही लावू नका. तिथे मागे न्यायला सभागृहच नसतं, आणि तानपुरा विनाकारण पाठीशी येऊन बसतो.

धागाकर्ता

अगदी हेच हवं होतं. आज रात्री लावून बघतो. शास्त्रीय संगीताची एखादी मैफल खरोखर ५.१ मध्ये रेकॉर्ड होऊन डिस्कवर निघालेली कुणाला माहीत असेल तर कृपया इथेच लिहा. मी धाग्यावर लक्ष ठेवून आहे.