“तुला शिकवले, तोच तुझा वाटा”: नववीच्या वर्गात वारसाहक्क कसा शिकवावा?

प्रश्न – निफाडची शिक्षिका

मी निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गेली बावीस वर्षे इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात समानतेच्या हक्काचा पाठ चालू होता. संविधानातील १४ आणि १५ ही कलमे फळ्यावर लिहून झाली होती, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुलींच्या शाळेबद्दल दरवर्षीप्रमाणे सांगून झाले होते आणि २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, हे वाक्य मी वहीत उतरवून देत होते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, “मॅडम, तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?”

नाही. माझे वडील २०१५ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी मी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर, म्हणजे माझा हिस्सा सोडल्याच्या दस्तावर, सही केली. फोटो काढला, अंगठ्याचा ठसा दिला, बाहेर भावाने पेढे वाटले, वहिनीने साडी दिली आणि दुपारच्या एस.टी.ने मी परत आले. मोठ्या बहिणीला सासूच्या आजारपणामुळे त्या दिवशी येता आले नाही, म्हणून तिची सही भावाने येवल्याला घरी जाऊन एका कागदावर घेतली. आमच्यात भांडण झाले नव्हते आणि आजही नाही. मी थोडी घुटमळले तेव्हा भाऊ एवढेच म्हणाला होता, “तुला डी.एड., बी.ए. केलं, तोच तुझा वाटा.” ते मला त्या वेळी पटले होते, ही बाब आज अधिक बोचते.

शुल्कमाफीच्या योजना आमच्या मुलींना तोंडपाठ आहेत. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाले आहे, हे त्या मलाच सांगतात. परंतु शिक्षण हे हक्काच्या बदल्यात दिलेले देणे आहे, असे घरात कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे, हे पुस्तकात नाही. हा विषय वर्गात घोषणेसारखा न होता खऱ्या अर्थाने कसा शिकवावा आणि कायद्याची नेमकी स्थिती मुलांना कोणत्या शब्दांत सांगावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ – सेवानिवृत्त महसूल कर्मचारी, सिडको

ताई, माझी सूचना अगदी साधी आहे. फळ्यावर कलम लिहिण्याआधी प्रत्येक मुलाला स्वतःच्या घरचा सातबारा आणायला सांगा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर तो पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत; गट क्रमांक ठाऊक असला की झाले. शासकीय कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो, परंतु वर्गात वाचण्यासाठी साधा पुरेसा आहे.

उतारा समोर आला की मुलांना दोन जागा दाखवा. एक भोगवटादाराचा, म्हणजे जमीनधारकाचा, रकाना आणि दुसरा इतर अधिकारांचा. जुन्या अनेक उताऱ्यांवर मुलग्यांची नावे पहिल्या रकान्यात आणि आई व बहिणींची नावे दुसऱ्या रकान्यात आढळतात. काही ठिकाणी थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे असतात. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे जमीन सर्वांची असली तरी नाव एकाचेच लागलेले आहे. पस्तीस वर्षे मी ही अक्षरे लिहिली आणि वाचली, पण त्यांचा अर्थ विचारायला आलेली बाई मला क्वचितच भेटली. पुरुष मात्र रोज येत.

नोंद कशी होते, हेही सांगा. खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांत कळवायचे असते. वारसाची नोंद घेतली जाते, फेरफार, म्हणजे नावातील बदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंध असलेल्यांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. लग्न झालेल्या मुलीचा पत्ता अर्जात माहेरचाच लिहिलेला असतो. नोटीस माहेरी जाते, भाऊ सही करून ती घेतो आणि पंधरा दिवस सरतात. बेकायदेशीर असे वरकरणी काहीच घडलेले नसते! म्हणून मुलींना वारसाच्या अर्जावर स्वतःचा, सासरचा पत्ता लिहायला शिकवा. माझ्या मते एका पाठाइतके त्याचे मोल आहे.

आणखी एक गोष्ट. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. तो महसुली अभिलेख आहे. त्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही, असे होत नाही.

उत्तर २ – वकील, नाशिक रोड

वरील माहिती उपयुक्त आहे. कायद्याच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘२००५ मध्ये मुलींना हक्क मिळाला’ हे वाक्य अर्धेच खरे आहे.

वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्र न करता मागे राहिली, तर त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. अडचण होती ती वडिलोपार्जित, म्हणजे सहदायाद मिळकतीची, कारण तिच्यात जन्मतः हक्क फक्त मुलग्यांना होता. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, १९९४ मध्ये, दुरुस्ती करून मुलींनाही हा जन्मसिद्ध हक्क दिला; मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. एकाच घरातील थोरलीला हक्क नाही आणि धाकटीला आहे, अशी स्थिती त्यामुळे पुढील अकरा वर्षे राहिली. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे का, यावर न्यायालयांत बराच काळ मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ते आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र या कायद्याने उघडता येत नाहीत.

आता तुमच्या प्रकरणाकडे येतो. तुमचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे. फसवणूक किंवा दबाव दाखवल्याशिवाय ते रद्द होत नाही आणि त्यासाठीही वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुमच्या वर्णनावरून ते आता उघडणे कठीण दिसते. थोरल्या बहिणीची गोष्ट वेगळी आहे. स्थावर मिळकतीतील हक्क साध्या कागदावर सोडता येत नाही. त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. तलाठ्यासमोर दिलेला जबाब किंवा घरी बसून केलेली सही म्हणजे हक्कसोड नव्हे. त्या कागदाचे स्वरूप पाहिल्याशिवाय ठाम बोलणे योग्य नाही, परंतु तो खरोखर साधा संमतीचा कागद असेल तर त्यांचा हिस्सा आजही शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याला वगळले गेल्याचे कळल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा करावा लागतो, म्हणून दिरंगाई नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो.

वर्गात एक सावधगिरी अवश्य बाळगा. हे सारे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांपुरते आहे. मुस्लिम मुलीला तिच्या व्यक्तिगत कायद्यानुसार सर्वसाधारणपणे भावाच्या निम्मा वाटा मिळतो, ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार समान. अनुसूचित जमातींना तर हिंदू वारसा कायदा लागूच होत नाही, कारण कलम २(२) ने त्यांना वगळले आहे. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवणच्या मुली वर्गात बसलेल्या असताना ‘सर्व मुलींना समान हक्क’ असे फळ्यावर लिहिणे ही त्यांची दिशाभूल ठरेल. या तरतुदीचा फेरविचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारला सुचवले होते.

उत्तर ३ – दिंडोरीचा बागायतदार

माझे मत येथे बहुतेकांना रुचणार नाही, तरीही ते मांडणे मला आवश्यक वाटते. माझी आई नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गावातील बायकांबरोबर ट्रकमध्ये बसून गेली होती. पुढे संघटनेची लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करण्याची, हाक आली तेव्हा वडिलांनी दीड एकर तिच्या नावे केले. तेव्हा स्त्रीच्या नावे जमीन लागणे आमच्या घराला नवे नाही.

परंतु द्राक्षबाग उभी आहे ती कर्जावर. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, औषधे, मजुरी, सोसायटीचे हप्ते आणि मणी भरायच्या वेळी पडलेला अवकाळी पाऊस हे सर्व मी सोसतो. वडिलांची शेवटची चार वर्षे अंथरुणावर गेली, ती माझ्या बायकोने काढली. दोन बहिणींच्या लग्नांचे कर्ज मी २०१९ पर्यंत फेडत होतो. पाच एकरांचे तीन तुकडे केले तर एकाचेही भागणार नाही. वर्गात मुलांना हक्क शिकवाल, तेव्हा या गोष्टीही शिकवाल का?

उत्तर ४ – माहेर सिन्नर, सध्या गंगापूर रोड

दिंडोरीच्या दादांनी मोकळेपणाने लिहिले, म्हणून मीही तसेच लिहिते. वहिनींनी चार वर्षे सासऱ्यांची सेवा केली, याचा मान ठेवायलाच हवा. परंतु त्या सेवेचा मोबदला वहिनींच्या नावावर लागला की तुमच्या? कर्जाचे म्हणाल तर जमिनीवरील बोजा हिस्सेदारांवरही येतोच आणि तो त्यांनी उचलावा, असे बहिणींना स्पष्ट सांगता येते. लग्नाचा खर्च हा वाटा धरायचा असेल, तर भावाच्या लग्नाचा खर्चही त्याच्या हिश्श्यातून वजा करावा लागेल. तुकड्यांची भीती मात्र मला अनाठायी वाटते, कारण नाव सामाईक लागले म्हणजे लगेच बांध घालावा लागत नाही. खाते सामाईक ठेवून कसणारा एकच राहू शकतो.

तुमच्या आईंच्या नावे दीड एकर झाले, ही मोठी गोष्ट होती. परंतु बायकोच्या नावे केलेली जमीन घरातच राहते. बहिणीच्या नावाने ती उंबरठ्याबाहेर जाते, अशी आपली समजूत आहे, आणि म्हणूनच लक्ष्मीमुक्तीत सत्कार झालेल्या घरांतही हक्कसोडपत्रे होत राहिली.

माझी कथा थोडक्यात सांगते. समृद्धी महामार्गासाठी माहेरच्या जमिनीचा काही भाग गेला, तेव्हा वारस म्हणून बहिणींच्या सह्या लागल्या आणि आम्हा तिघींची अचानक आठवण झाली. मी हिस्सा मिळाल्याशिवाय सही केली नाही. दोन वर्षे भाऊबीजेला बोलावणे आले नाही. तिसऱ्या वर्षी फोन आला तो वहिनीचा. तिला दसकच्या तिच्या माहेरी कोणता अर्ज करावा, हे विचारायचे होते. ओवाळणीचे ताट त्याच वर्षी पुन्हा मांडले गेले. भाऊ अजून थोडा तुटक असतो.

निफाडची शिक्षिका

सर्वांची मनापासून आभारी आहे. दिंडोरीच्या दादा, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा वर्गात ठेवणार आहे, कारण मुलांच्या घरांत तो याच शब्दांत विचारला जातो आणि तो टाळून शिकवलेला हक्क मुले परीक्षेपुरताच लक्षात ठेवतात. महसूल खात्यातील काकांच्या सूचनेप्रमाणे येत्या शनिवारी दोन तासिका जोडून घेतल्या आहेत. मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही, उतारे आणायचे आहेत. मुलग्यांना मी एक वेगळे काम दिले आहे: आजोबांच्या सर्व अपत्यांची नावे लिहायची आणि त्यांतील कोणती सातबाऱ्यावर नाहीत, ते घरी विचारून यायचे. एकाने लगेच विचारले, “मॅडम, आत्याचं आडनाव माहेरचं लिहायचं का सासरचं?” त्याच्या घरात आत्याचे नाव अशा ठिकाणी लिहिण्याची वेळ याआधी आलीच नसावी.

काल रात्री ताईला येवल्याला फोन केला. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिचे लग्न १९९१ चे, म्हणजे वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ती एकदा कायद्यानेच वगळली गेलेली. तिने सही केलेला कागद साधा होता की मुद्रांकाचा, हे तिला आठवेना. निबंधक कार्यालयात ती कधीच गेली नव्हती, एवढे मात्र निश्चित. दावा वगैरे नको, असे ती प्रथम म्हणाली. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “मी तर तो वाचलाच नव्हता. भाऊ म्हणाला इथं सही कर, मी केली. तू तुझा वाचला होतास ना?”

मीही वाचला नव्हता. आठ पानांचा दस्त होता. सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या आणि मी त्या फुल्यांवर सह्या करत गेले.

सोमवारी अर्धी रजा टाकून त्याची नक्कल मागायला जाणार आहे. वकील साहेब, त्या अर्जाला दस्त क्रमांक लागतोच का? माझ्याकडे फक्त तारीख आणि पेढ्यांच्या दुकानासमोर काढलेला एक फोटो आहे.