६१७४ : जादू कसली, वजाबाकीच ती!

करूळ_घाट
गावच्या ग्रुपवर सकाळीच पोस्ट: '६१७४, ऋषीमुनींना ठाऊक असलेला दैवी आकडा.' खाली हात जोडणाऱ्यांची रांग. अरे, हा दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधला, देवळालीच्या शाळामास्तरांनी! चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), उतरत्या मांडणीतून चढती वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४. कारण साधं आहे. सर्वांत मोठ्या-लहान अंकांतला फरक गुणिले ९९९, मधल्या दोघांतला गुणिले ९०, बेरीज म्हणजे उत्तर. पहिल्याच फेरीनंतर ५४ संख्या उरतात. चौपन्न घरांच्या वाडीत माणूस हरवून हरवून कुठे हरवणार?

मधली_सुट्टी
दैवी नको, मान्य. पण 'साधं' काय? आपल्या कोकणातल्या कापरेकरांचं जन्मसाल घ्या, १९०५. ९५१० − ०१५९ = ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुरत्या सात! आठवीच्या फळ्यावर हे केलं, तर ज्याला हातचा घेता येत नाही तो शेवटच्या बाकावरचा मुलगा डबा न खाता वजाबाक्या करत बसला. तुमच्या ९९९ ने बसला असता का? आणि १८, १८ चा वर्ग, १८ चा घन यांची बेरीज करून बघा.

देवगडकर
बाई, ही सगळी दहाच्या पायाची, म्हणजे दहा-दहाने मोजण्याची करामत. बाराच्या पायात (हातचा दहाऐवजी बाराचा) ७६४१ मधून १४६७ वजा करा, ६१९६ येतं. संपली जादू. आमची आजी पेटी भरताना अंगठ्याने पेरं मोजायची, चार बोटांची बारा, झाला डझन. तिला ६१७४ सांगितला असता तर म्हणाली असती, "ता ऱ्हवांदे, आधी गवत घाल." आणि 'आपल्या कोकणातले' कसे? जन्म डहाणूचा. डहाणू कोकणात कधीपासून?

घोलवडचा_चिकू
आलात मूळपदावर! कोकण विभागाच्या यादीत डहाणूचा पालघर जिल्हा आहे, वाचा जरा. आमची आजी पण पेरांवरच मोजायची, चिकू.

देवगडकर
सरकारी यादीचं कौतुक नको. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते.

घोलवडचा_चिकू
मग रोह्याच्या वरचं अलिबाग काय गुजरातेत? मुंबईत शिकताना खोलीवरचे रत्नागिरीकर मला 'गुजराती' म्हणायचे, तीन वर्षं! आणि तुमच्या लाडक्या हापूसचं २०१८ चं भौगोलिक मानांकन उघडा. रत्नागिरी, सिंधुदुर्गासोबत रायगड, ठाणे आणि (बसून वाचा) पालघर.

देवगडकर
बरं बाबा, कापरेकर कोकणातले, तुम्हीही कोकणातले. पालघरचा हापूस मात्र मी खाणार नाही.

मधली_सुट्टी
बी.एस्सी. झालेला मास्तर शाळा सांभाळून संशोधन करतो, इथले विद्वान नाकं मुरडतात, १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर लिहितात तेव्हा नाव होतं. आणि तुम्ही त्यांचा सातबारा काढताय. १८ ची बेरीज केली का कोणी?

करूळ_घाट
केली. १८ + ३२४ + ५८३२ = ६१७४. हे माहीत नव्हतं. छान आहे, पण दैवी नाही.

घोलवडचा_चिकू
मी पाच अंकी संख्या घेऊन तासभर बसलोय, काही येत नाही.

करूळ_घाट
येणारच नाही. तीन अंकांना ४९५ आहे, पाच अंकी गोल गोल फिरत राहतात. झोपा.