खताची टंचाई कारखान्यात होते की सीमेवर?

नत्रवेध : जगात खताचे उत्पादन कमी पडते म्हणून भाव भडकतात, हे विधान मला पटत नाही. २०२२ साली भाव भडकले तेव्हा पोटॅश (पालाश देणारे, खाणीतून काढलेले खत) संपले नव्हते. बेलारूसच्या खाणी जागच्या जागी होत्या, पण लिथुआनियाने १ फेब्रुवारीपासून त्याची रेल्वे वाहतूक थांबवली आणि तिथल्या क्लायपेडा बंदराची वाट बंद झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने युरिया (नत्र) आणि फॉस्फेट (स्फुरद) खतांच्या निर्यातीला तपासणीची अट लावली होती. फॉस्फेट खडकाचे सुमारे ७० टक्के ज्ञात साठे मोरोक्को व पश्चिम सहारात आहेत, तर पोटॅशचा मोठा व्यापार कॅनडा, रशिया आणि बेलारूस यांच्या हाती आहे. टंचाई खाणीत नव्हे, परवान्याच्या टेबलावर तयार होते.

तिरकस : पोटॅशपुरते मान्य, नत्राला हे लागू नाही. नत्रखते ज्यापासून बनतात त्या अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन चीन वगळता बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि उत्पादनखर्चात वायूचाच वाटा ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. २०२२ मध्ये युरोपातील अनेक कारखान्यांनी उत्पादन आपणहून थांबवले, कारण महाग वायू जाळण्यापेक्षा तयार अमोनिया आयात करणे परवडत होते. त्यात अमोनियाचे संयंत्र म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब पेलणारी यंत्रणा एकदा थंड केली की पुन्हा लयीत आणायला कित्येक दिवस जातात.

नत्रवेध : पण तो वायू महागला कशाने? रशियाकडून येणारा पुरवठा आटला म्हणूनच ना? म्हणजे फिरून आपण सीमेवरच आलो.

मातीमाप : आपण दोघे पुरवठ्यावरच अडून बसला आहात. जगभर शेतात घातलेल्या नत्रापैकी जेमतेम निम्मे पिकात उतरते; उरलेल्यातले बरेचसे हवेत उडते किंवा पाण्याबरोबर झिरपून जाते. स्फुरद आणि पालाश यांचा साठा जमिनीत राहतो, म्हणून एखाद्या हंगामात हात आखडता घेता येतो. नत्राची कपात मात्र त्याच हंगामात दिसते. भाव वाढल्यावर पोटॅशचा वापर सर्वाधिक घसरला, तो याचमुळे.

तिरकस : निम्मे वाया जाते म्हणून निम्मे कमी करता येईल, हा हिशेब फसवा आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली, आणि नोव्हेंबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला, तोवर भाताच्या पिकाला फटका बसायचा तो बसला.

मातीमाप : बंद करा असे मी म्हटलेलेच नाही. एकरकमी फेकलेला युरिया वरच पडून राहिला तर त्यातील नत्र अमोनिया होऊन उडते. तोच मातीआड केला आणि दोन-तीन हप्त्यांत दिला तर पिकाच्या वाट्याला जास्त येतो. एवढे केले तरी मागणीचा आकडा हलेल, आणि त्यासाठी नवा कारखानाही नको, कोणाचा परवानाही नको.

नत्रवेध : हे मान्य आहे, फक्त पोटॅशला ते लागू करून दाखवा. ते हवेत उडत नाही, आणि ज्या देशात खाण नाही त्याला ते बाहेरूनच आणावे लागते.