इक्विनॉक्स ८००: ५ टोन की ५०?

प्रश्न: इंग्लंडात डोर्सेटच्या किनाऱ्यावर इक्विनॉक्स ८०० हे धातू शोधायचं यंत्र फिरवते. ५० टोन (धातूप्रमाणे बदलणारे ५० सूर) लावले की तासाभरात डोकं भणभणतं, ओल्या वाळूत तर नुसती कुरकुर. काय लावू?

उत्तर: ताई, ५ टोन लावा. पडद्यावर धातूचा अंदाज देणारे आकडे येतात; त्यातल्या शून्य आणि त्याखालच्या आकड्यांना, म्हणजे लोखंडाला, जाड सूर द्या, पण बंद करू नका. गंजक्या खिळ्याशेजारचं नाणं त्याच गडबडीत मध्येच बारीक किणकिणतं. मी कान तिथेच लावतो. मोड बीच १ (किनाऱ्यासाठीचा), सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) २० वरून १७.

दुसरं उत्तर: मधले आकडे गाळू नका. कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी तिथेच येतात.

प्रश्नकर्ती: आज १३ आकड्यावर, यंत्र दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी, सारखा आवाज आला. कडीच निघाली, पण तीन तास कान शांत होते. आभार, दादा!